सन चौदाचं घर

रोमन आकडे वाचता येणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे, आणि वाचता येत असूनही न वाचणं हे त्याहून सुसंस्कृत माणसाचं. इटलीत मुलं हे आकडे तिसरीत शिकतात, चौथीत विसरतात आणि यथावकाश नगरपालिकेत नोकरीला लागतात.

बोर्गो सांतेल्मो गावात एर्सिलियाबाईंच्या दारावर संगमरवरी पाटी आहे: A. XIV. A म्हणजे ‘वर्ष’ आणि त्यापुढे आकडा. त्यापुढेही दोन अक्षरं होती. ती युद्ध संपलं त्या आठवड्यात कुणीतरी उडवली. (त्या आठवड्यात गावात छिन्नी मिळेनाशी झाली होती.) एवढी वर्षं या पाटीने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात बाईंचे यजमान नाझारेनो यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते वरच्या मजल्यावर अडकले. त्यांचा सगळा जीव चौकातल्या बारमधल्या पत्त्यांच्या डावात. त्यांना खाली आणायचं तर जिन्याला विजेवर सरकणारी खुर्ची बसवायला हवी. खुर्चीला परवानगी हवी. परवानगीला घराचं वय हवं.

वय ठरवायला समिती नेमली. नियम सोपा आहे. मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान आलं तर मिळवायचं, डावीकडे आलं तर वजा करायचं. X म्हणजे दहा, V म्हणजे पाच, त्याच्या डावीकडे I, म्हणून चार, एकूण चौदा. पाच सदस्यांपैकी तिघांचं उत्तर चौदा आलं, एकाने मत राखून ठेवलं, एकाचं सोळा आलं. सोळावाल्याला अध्यक्ष केलं. हे नगरपालिकेचे अभियंता देल्फिनो.

चौदा ठरलं. पण कुठून चौदा?

हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. १९२२ मध्ये फॅसिस्टांनी सत्ता घेतली आणि पुढे वर्षंही तिथपासून मोजायला लावली; पाटीवरून उडवलेली अक्षरं तीच, E.F., ‘फॅसिस्ट युग’. त्या हिशेबाने चौदा म्हणजे १९३६. सांतेल्मो गावही त्यांनीच वसवलेलं. आधी तिथे दलदल होती आणि डास होते. पण हे कागदावर लिहायचं तर तेव्हा इथे कुणीतरी हजर होतं, हे मान्य करावं लागतं. आणि गावातल्या एकाही घरातलं कुणीही त्यांच्यात नव्हतं. (मग सभांना मैदान कुणी भरत होतं, हा संशोधनाचा विषय आहे.) सबब समितीने एकमताने ठरवलं की सदर वास्तू इसवी सन चौदामधली, सम्राट ऑगस्टस वारला त्या वर्षीची आहे. त्या काळी इथे पुरुषभर पाणी होतं ही अडचण नसून प्राचीन गवंड्यांचं कौशल्य होय, असाही शेरा मारला. स्वयंपाकघरातल्या फरशीचं तर तोंड भरून कौतुक केलं. अशा वास्तूत खिळाही ठोकता येत नाही.

एर्सिलियाबाई तडक कार्यालयात गेल्या.

“अरे देल्फिनो, तुझ्या आजोबांनीच बांधलं ना रे हे घर? भिंत वाकडी आली म्हणून माझे सासरे त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते!”

“आजोबा कसे बांधतील, काकू? ते आजारी होते.”

“कधी?”

“तेव्हा.”

“तेव्हा म्हणजे कधी?”

देल्फिनोने पुढची फाईल उघडली.

घरी नाझारेनो भडकले. “कपाटामागचा तो फोटो नेऊन आपट त्याच्या टेबलावर! बाप माझा होता, लाज वाटायची ती मला वाटेल. मला खाली जायचंय. तिकडे बारमध्ये तो जिनो माझ्या खुर्चीत बसून पत्त्यांत लबाडी करतोय.”

फोटोत हेच दार होतं, हीच पाटी होती, ती दोन अक्षरंही शाबूत. दारासमोर सासरे फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यात छाती काढून, उजवा हात उंच करून. मागे अर्धं गाव तसंच.

कार्यालयात देल्फिनोने फोटोतला एकेक चेहरा पाहिला. “हा कार्निव्हलचा आहे, काकू.”

“सगळ्यांनी एकच सोंग घेतलं होतं?”

(मागे गहू कापणीला आला होता. कार्निव्हल फेब्रुवारीत असतो. हा तपशील अहवालात घेतलेला नाही.)

“घेतलं असेल,” देल्फिनो हळूच म्हणाला. “तुम्हीच बघा ना. हे डावीकडून तिसरे.”

बाईंनी चष्मा लावला. डावीकडून तिसरे त्यांचे वडील होते. हात सगळ्यांत उंच त्यांचाच. वडील त्या लोकांच्या वाऱ्यालाही कधी उभे राहिले नाहीत, ही गोष्ट बाई दर पंचवीस एप्रिलला, मुक्तिदिनी, शाळेत मुलांना सांगत आल्या होत्या. मुलं टाळ्या वाजवत.

बाईंनी फोटो पर्समध्ये ठेवला.

“कार्निव्हलच,” त्या म्हणाल्या. “मला चांगलं आठवतंय.” (बाईंचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला.)

जिना चढताना त्यांना रडू आलं. नाझारेनोंनी वरूनच विचारलं, “काय म्हणाला?”

“घर जुनं आहे,” बाई म्हणाल्या, आणि फोटो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला.

आता तिथे प्रवाशांच्या बस येतात. दाराशी सूचना आहे: वरच्या खिडकीतल्या वृद्धाला खाऊ देऊ नये. नाझारेनो पत्ते पिसत बसतात आणि खालून कुणी हात केला की शिवी देतात. प्रवाशांना ती लॅटिन वाटते.

तुमच्या घरी असला फोटो नाही, हे मला ठाऊक आहे. सांतेल्मोतही कुणाकडे नव्हता.