चौदा मालकांचं पिस्तूल

बंदुकीतलं मला सगळं कळतं. म्हणजे गावच्या जत्रेत मी एकदा फुग्यावर नेम धरला होता आणि फुटला भेळवाल्याचा बल्ब. अशा माझ्या हातात मोकाशीसाहेबांनी त्यांचं पिस्तूल दिलं, ही चूक माझ्याइतकीच त्यांची.

इथं जपानात, एदोगावात आमचं हॉटेल खाली, साहेब वरच्या मजल्यावर. मी तिथं स्वयंपाकी. कराडचा, सातवी नापास, तीही दोनदा. साहेब कॉम्प्युटरवाले, पन्नाशीचे, एकटेच राहतात. खोड एकच. कुठलीही वस्तू दिसली की मालकाला गाठून विचारायचं, "मालक म्हणून आपला अनुभव काय?" छत्री, सायकल, कुकर, काही सुटत नाही. माझ्या प्लास्टिकच्या चपलांचा अनुभव त्यांनी वीस मिनिटं घेतला. डाव्या पायाचा वेगळा.

एकदा माझ्या बायकोसमोरच म्हणाले, "बाळूसान, लग्नाचा अनुभव काय?"

बायको म्हणाली, "आधी मालक कोण ते ठरवा, मग त्याला विचारा."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

गेल्या वर्षी हे पिस्तुलाचं खूळ शिरलं. घाबरू नका. खरं इथं मिळतच नाही. हे खेळण्यातलं, पण आकारानं खऱ्याएवढं. आत गॅस भरायचा, खटका ओढला की प्लास्टिकची गोळी सुटते आणि वरचा भाग खाडकन मागं जाऊन पुढं येतो. त्यातलंही स्वस्तातलं मॉडेल. तेवढ्यासाठी साहेबांनी चौदा मालक गाठले. दर रविवारी नेमबाजीच्या हॉलच्या दारात उभे, हातात वही.

"एक म्हणाला, खटका जड आहे. एक म्हणाला, थंडीत गॅस रुसतो, मॅगझिन काखेत धरून ऊब द्यावी लागते." हे सांगताना साहेबांनी माझी रिकामी वाटी काखेत धरून दाखवली.

"आणि नेम?"

"नेमाचं कुणी बोललं नाही. पण या किमतीत तक्रार नाही, असं सगळे म्हणाले."

शेवटी घेतलं एकदाचं. खंडेनवमीला मी सुऱ्या, झारे, तवा मांडून पूजा करत होतो. साहेब पेटी घेऊन खाली आले. "बाळूसान, हेही ठेवा. रविवारी पहिल्यांदा चालवायचंय." मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. ते वर गेल्यावर वाटलं, हत्यार कोरडं बरं नाही. म्हणून साजूक तूप लावलं. सढळ हातानं. वरचा भाग मागं ओढून आतसुद्धा.

रविवारी साहेब मलाही घेऊन गेले. हॉलवर एक मुलगी वाट बघत होती. त्यांची सई, सेंदाईला कॉलेजात असते. वर्षभर बापाकडं फिरकली नव्हती, आज आली ती संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. तिनं स्वतःची पेटी उघडली. आत हुबेहूब तेच पिस्तूल!

मी साहेबांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "कॉलेजात यांचा खोट्या लढाया खेळायचा क्लब आहे. त्यासाठी घेतलं हिनं. मी फोनवर विचारलं, कसं आहे? तर म्हणाली, फुत्सू."

फुत्सू म्हणजे ठीकठाक.

"पुढं काही बोललीच नाही. म्हटलं, बाकीच्यांना विचारून बघू, ते काय सांगतायत."

चौदा मालक कशासाठी, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आणि त्याच क्षणी तूपही आठवलं.

साहेबांनी चष्मा चढवला, नेम धरला, खटका ओढला. वरचा भाग अर्धा मागं गेला आणि तिथंच बसला. तूप थिजलेलं. फटीतून झेंडूची पाकळी खाली पडली.

"बाळूसान, हे काय?"

"तूप," मी म्हटलं. "घरी कढवलेलं."

साहेबांचा चेहरा पडला. सई मात्र खो खो हसत सुटली. बाकावर बसून तिनं पिस्तूल खोललं, कापसाच्या काडीनं पुसायला लागली. लाल झालेलं बोट वर करून म्हणाली, "बाबा, गनला कुंकू? का पण?"

साहेब दबकत सांगायला लागले. त्यांचे वडील ऑफिसात टाइपरायटरची पूजा करायचे.

"आजोबा? मग टायपिंग?"

"दोन दिवस त्यांच्या साहेबाची सगळी पत्रं लाल ठिपक्यांची जायची."

पोरगी परत हसली. मग काडी फिरवत आपणहून म्हणाली, "माझ्या गनचा पण खटका जड आहे, बाबा. बोट दुखतं. आणि क्लबमध्ये सगळ्यात आधी मीच आउट होते."

साहेबांनी वही काढली, पण उघडली नाही. नुसतेच ऐकत बसले.

मला राहवलं नाही. दोघांच्या मधे जाऊन बसलो आणि म्हटलं, "बघा, मी तूप लावलं म्हणून तर..."

"काका," सई म्हणाली, "उठा तुम्ही इथून. मला बाबा दिसत नाहीये."