खायचा डिंक, कामाचा डिंक

आवाजाच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बस स्थानकावर निवेदकाची कायमची जागा निघाली, तेव्हा ती माझ्याच खिशात आहे असं मी घरीदारी सांगत सुटलो. सासऱ्यांनाही सांगितलं. इतकी वर्षं हंगामी जावई सांभाळून बिचारे कंटाळले होते.

आणि चाचणीच्या दिवशी सकाळीच घसा बसला! "चहा" म्हणायला गेलो, तर नुसती हवा बाहेर आली.

आत्याला कसाबसा फोन केला. तिच्याकडे घशावर एकच इलाज, डिंक. तोंडात धरायचा, हळूहळू विरघळू द्यायचा आणि तोंड अजिबात उघडायचं नाही. मी फडताळ उघडलं, तर समोर बरणीत डिंक चक्क भिजवून तयार! बायकोची माया बघून मला गहिवरून आलं. दोन मोठे चमचे तोंडात टाकले, थोडा ओठांनाही फासला आणि पथ्य पाळत, ओठ घट्ट मिटून निघालो.

आता माझी बायको पुस्तकबांधणी करते हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

स्थानकाच्या दारात तिचा फोन आला. "अहो, माझा पुठ्ठ्यांचा डिंक कुठे गेला?"

मी म्हणालो, "म्म्म."

"खाल्लात? विषबिष नाही हो त्यात. फक्त तोंड मिटून बसू नका, वाळला की सुटत नाही."

आत साहेबांनी सुटणाऱ्या गाडीची घोषणा करायला सांगितली. मी जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं, कान हलले, पण ओठ काही हलेनात. साहेब भडकले. वेळ काय फुकटचा आहे, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही बोलले. मी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. दुसरं करणार काय? शेवटी ते दमले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"एवढं बोललो, तरी उलट शब्द नाही," ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले. "तक्रार खिडकीवर असाच माणूस हवा होता आपल्याला."

झालो कायम! पहिल्याच दिवशी एक आजोबा खिडकीशी आले. नव्या निवेदकाचं बोलणं काडीचं कळत नाही, हल्ली कोणालाही घेतात, म्हणाले. माझा घसा तोवर खणखणीत झाला होता, जीभ नुसती शिवशिवत होती. पण मी गप्प मान डोलावत राहिलो. तोंड उघडलं असतं, तर ही नोकरीही गेली असती ना!