गवतरावांची हाक

ओट्यावरचा चहा गार होत चालला होता आणि गवतराव आरशासमोर उभे राहून डोक्यावरची टोपी पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"अहो, ताई तुम्हाला बघायला नाही येत. जमीन बघायला येतायत," बायको म्हणाली.

"जमीन बघायची म्हणजे मलाच बघायचं. त्या जमिनीत माझ्याशिवाय दुसरं आहे काय?"

"गांडुळं आहेत."

"तीही माझीच!"

गवतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. "मी गाई पाळत नाही हो, मी गवत पाळतो. गाई माझ्याकडे कामाला आहेत," हे वाक्य त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकं ऐकवलं होतं की खरं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं. त्यांच्या कुरणाचे तुकडे पाडलेले होते. आज एका तुकड्यात गाई, भोवती करंटची एक पातळ तार. दुसऱ्या दिवशी तार रिळावर गुंडाळायची आणि गाईंना पुढच्या ताज्या तुकड्यात सोडायचं. चरून झालेल्या तुकड्याला भरपूर विसावा. गाईंच्या मागोमाग चाकांवरचं खुराडं जायचं, त्यातल्या कोंबड्या शेण विस्कटून किडे टिपायच्या. विकतचं खत नाही, फवारणी नाही. वडिलांच्या काळात जिथे पहार मारली तर हाताला झिणझिण्या यायच्या, तिथे आता नुसतं बोट मातीत जायचं. गवतरावांना याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, तो असायलाच हवा होता.

पण मातीपेक्षाही जास्त अभिमान त्यांना होता स्वतःच्या हाकेचा. रोज सकाळी तार गुंडाळता गुंडाळता ते खड्या आवाजात ओरडत, "चला गं बायांनो, चला!" की सगळा कळप माना वर करून धावत सुटायचा. "शब्दाला जागतात माझ्या गाई," ते सांगायचे. "माणसं जागत नाहीत तेवढ्या." बायकोने हे इतक्यांदा ऐकलं होतं की ती आता ते वाक्य सुरू झालं की उठून पाणी आणायला जायची.

आजचा दिवस मात्र मजेचा नव्हता. वडिलांनी जमीन दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी दिली होती. थोरल्या ताई शहरात मुख्याध्यापिका झाल्या, जमिनीकडे कधी फिरकल्या नाहीत, आणि त्यांच्या निम्म्यावरही गवतरावांच्याच गाई चरत राहिल्या. आता ताई निवृत्त झाल्या होत्या आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे तो निम्मा भाग मागितला होता. डॉक्टरांना हिरवळीचं वेड. घरापुढची हिरवळ त्यांना अपुरी पडत होती. ताईंनी फोनवर सांगितलं होतं, "मी येऊन डोळ्यांनी बघेन आणि मगच ठरवेन. तुझ्या बढाया मी तू बोबडा बोलत होतास तेव्हापासून ऐकतेय."

निम्मी जमीन गेली तर तुकड्यांना विसावा मिळणार नव्हता. गवत खुरटणार, निम्म्या गाई दुसऱ्याच्या दावणीला जाणार, आणि माती पुन्हा होती तशी होणार. गवतराव हे कोणाला बोलून दाखवत नव्हते, पण टोपी मात्र सारखी सरळ करत होते.

"तारेतला करंट बंद करून ठेवतो," ते निघता निघता म्हणाले. "ताईला हात लावायची खोड आहे. चटका बसला तर जमीन तिथल्या तिथे डॉक्टरला देईल."

"आणि गाईंना कळलं करंट बंद आहे तर?"

"कळू दे की! त्या तारेला नाही भीत, माझ्या शब्दात आहेत."

बायको पाणी आणायला उठली.

ताई दुपारी येणार होत्या. पण जन्मभर शाळेत सगळ्यांच्या आधी पोचून फाटकाशी उभं राहायची त्यांची सवय निवृत्तीने थोडीच जाणार? त्या सकाळीच आल्या. गाडीवाल्याने अरुंद रस्ता बघून वळणावरच हात टेकले आणि ताईंना त्यांच्या भल्यामोठ्या बॅगेसकट उतरवलं. बॅगेला चाकं होती. ताईंनी दांडा ओढून लांब केला, पदर खोचला आणि कुरणाच्या कडेने जाणाऱ्या फरशांच्या रस्त्याने चालायला लागल्या. दर फरशीच्या सांध्यावर चाकं आपटत होती. कट-कट-कट-कट.

आता इथे त्या रिळाबद्दल सांगायला हवं. तार गुंडाळताना सुटून येऊ नये म्हणून रिळाला एक खिटी असते. मूठ फिरवली की ती खिटी दात्यांवरून उड्या मारते आणि आवाज येतो. कसला? कट-कट-कट-कट.

कुरणातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. कळपाची म्होरकी होती पुढारीण नावाची तांबडी गाय, अंगाने आडवी आणि स्वभावाने त्याहून आडवी. तिने तारेपाशी येऊन नाक लावलं. काही झालं नाही. छाती लावली. काही झालं नाही. मग ती तारेसकट सरळ रस्त्यावर आली, आणि बाकीच्या तिच्या मागून. गाई निघाल्या म्हटल्यावर खुराड्यातल्या कोंबड्याही निघाल्या. गाईंच्या मागे जायचं, एवढंच तर त्यांना आयुष्यात शिकवलं होतं.

ताईंना आधी मानेवर गरम फुत्कार जाणवला. त्या वळल्या. मागे अख्खा कळप, आणि प्रत्येक गाय त्यांच्याकडे अपेक्षेने बघतेय.

"जागेवर जा!" ताई करड्या आवाजात म्हणाल्या.

बॅग थांबली होती, म्हणून गाईही थांबल्या. ताईंना वाटलं, शिस्त आहे. त्या पुन्हा चालू लागल्या. गाईही चालू लागल्या. ताईंनी पाय उचलले तशी बॅग जोरात वाजू लागली, बॅग जोरात वाजली तशा गाई दुडक्या चालीने निघाल्या, आणि गाई दुडकायला लागल्या म्हटल्यावर ताई जन्मात पहिल्यांदा पळाल्या. "कोणाची आहेत ही गुरं?" त्या पळता पळता ओरडत होत्या. "मालक कोण आहे यांचा?" पहिलं उघडं फाटक दिसलं त्यात त्या शिरल्या. ते फाटक दातांच्या डॉक्टरांचं होतं.

डॉक्टर गुडघे टेकून कात्रीने हिरवळीची कड सारखी करत होते. "अरे वा, ताई! या, या. जमिनीचं ठरलेलं दिसतंय..." एवढं बोलून त्यांनी मान वर केली आणि त्यांची कात्री हातातून गळली. "ताई, हे... हे सगळे तुमच्याबरोबर आहेत?"

"बरोबर नाहीत, मागे आहेत!" म्हणत ताई बागेतल्या बाकावर चढल्या. बॅग त्यांनी छातीशी कवटाळली.

गाई हिरवळीवर पसरल्या. इतकं हिरवंगार बघून त्यांनी आनंदाने जिभा बाहेर काढल्या आणि तिथेच फसल्या. गाय काही कात्रीने चरत नाही, ती जिभेने गवताला वेढा घालते आणि ओढते. डॉक्टरांची हिरवळ इतकी बारीक भादरलेली की जिभेच्या हाती काहीच लागेना. पुढारीणने दोन-तीनदा प्रयत्न केला, मग ताईंकडे बघून असा हंबरडा फोडला, जणू तिला बोलावून फसवलंय. बाकीच्यांनी तिला साथ दिली. मग तिने डॉक्टरांच्या गुलाबांचा ताटवा जवळ केला. कोंबड्यांनी हिरवळ उकरायला घेतली, आणि एका गाईने डॉक्टरांच्या पायरीवर, अगदी मधोमध, आपलं काम उरकलं.

"माझे गुलाब!" डॉक्टर ओरडले. "आधी पायरी! नाही, आधी गुलाब!"

हंबरडा ऐकून गवतराव धावत आले, मागून बायको. त्यांनी बाकावर चढलेली थोरली बहीण बघितली. पण चेहरा त्यांनी ढळू दिला नाही. उलट टोपी सरळ केली.

"ताई, घाबरू नकोस. आता बघ फक्त. चला गं बायांनो, चला!"

एकही मान हलली नाही.

"चला गं बायांनो, चलाऽऽ!"

एका कोंबडीने वर बघितलं आणि पुन्हा उकरायला लागली.

"हीच का ती हाक?" ताईंनी वरून विचारलं.

"त्या जरा... बावरल्यात. परक्या जागी अशा करतात."

"बावरल्यासारख्या दिसत तर नाहीत. गुलाब खातायत." ताईंनी छातीशी धरलेल्या बॅगेकडे बघितलं. मग बाकावरून उतरल्या, बॅग फरशीवर टेकवली आणि थोडी ओढली. कट-कट. सगळ्या माना वर. बॅग उचलली. सगळ्या माना खाली. पुन्हा ओढली. पुन्हा वर. "अरे," ताई म्हणाल्या, "या तुला ओळखतच नाहीत. या माझ्या बॅगेला ओळखतात."

"रीळ!" बायको एकदम म्हणाली. "अहो, रिळाचा आवाज! तुम्ही गुंडाळत गुंडाळत ओरडता ना रोज?"

गवतरावांनी आधी बायकोकडे बघितलं, मग बॅगेकडे, मग पुढारीणकडे. तिच्या तोंडातून गुलाबाची एक पाकळी लोंबत होती. "म्हणजे... इतकी वर्षं मी..."

"इतकी वर्षं तुम्ही घसा फोडत होतात," बायको हळूच म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्या रीळ ऐकत होत्या."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गवतरावांना झालं. सगळा तमाशा झाला तो ताईसमोर, डॉक्टरांसमोर, आणि तोही नेमका आजच. गेली निम्मी जमीन, त्यांनी मनाशी धरलं.

डॉक्टरांनी संधी साधली. "ताई, तुम्ही प्रत्यक्षच पाहिलंत. ज्यांना आपली गुरं सांभाळता येत नाहीत, त्यांच्या हाती तुमची जमीन..."

"डॉक्टर, तुमची पायरी धुऊन घ्या. वाळलं तर निघणार नाही," ताई म्हणाल्या. "आणि तू, असा खांबासारखा उभा राहू नकोस. यांना कुठे न्यायचंय ते दाखव."

गवतराव पुढे धावले आणि ताज्या तुकड्याची तार त्यांनी काढली. तो तुकडा ताईंच्याच भागातला होता. ताई मागून आल्या, बॅग ओढत, ताठ मानेने, आणि त्यांच्या मागे अख्खा कळप, कळपाच्या मागे कोंबड्या. उभ्या नोकरीत ताईंनी मुलांच्या रांगा लावल्या होत्या, पण इतकी सरळ रांग त्यांना कधी लागली नव्हती. हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

फरशा संपल्या आणि बॅगेची चाकं गवतात रुतली. ताई गुडघाभर गवतात उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही अंगांनी गाई आत गेल्या आणि माना खाली घालून चरायला लागल्या. सगळीकडे गवत तुटल्याचा करकर आवाज. ताईंनी वाकून बॅग मोकळी करायला हात घातला तो सरळ मातीत गेला. त्यांनी मूठ बाहेर काढली. काळी, ओलसर, भुसभुशीत माती, आणि तिच्यात एक गांडूळ रागाने वळवळतंय.

"हा माझाच भाग ना?"

"हो. तुझाच."

"इथे तर नुसता मुरूम होता रे. कुसळसुद्धा उगवत नव्हतं. बाबा म्हणायचे, पोरीला मी दगड दिले." ताईंचा आवाज जरासा हलला. "हे तू केलंस?"

बढाई मारायला याच्याइतकी चांगली वेळ गवतरावांना पुन्हा मिळाली नसती. बायको तर पाणी आणायला वळलीसुद्धा होती. पण गवतराव गाईंकडे बघत म्हणाले, "मी कुठलं? यांनी केलं. मी आपली रोज तार हलवतो."

बायको जागच्या जागी थांबली. हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर हात पुसत आले. "मग ताई? काय ठरलं?"

"ठरलं. जमीन मिळणार नाही."

"अहो, पण का?"

ताईंनी मुठीतली माती डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. गांडूळ बघून डॉक्टर मागे सरले. "कारण विचारता? बघा ही! दगड होते इथे, दगड! एकेका तुकड्याला विसावा देऊन, ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही, आम्ही इतकी वर्षं राबलोय या मातीसाठी. ती काय तुमच्या कात्रीखाली द्यायला?"

"आम्ही?" बायकोने गवतरावांना कोपराने ढोसलं आणि कानाशी कुजबुजली, "अहो, आम्ही? त्या तर इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पाय ठेवतायत इथे!"

गवतरावांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण कुरकुरत होतं. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"गप्प बस गं," ते म्हणाले. "बोलू दे तिला."