हसल्याशिवाय न चालणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा बायकोची मागणी एका वाक्याची होती. "त्यात बाबा दिसले पाहिजेत आणि ऐकू आले पाहिजेत." हे ऐकून कुठलाही शहाणा माणूस दुकानात जाऊन कॅमेरा घेऊन परत आला असता. मी आधी आठवडाभर ऑफिसात बसून कॅमकॉर्डरच्या फीचर्सचा अभ्यास केला. (त्या आठवड्यात माझ्या टेबलावरची एकही फाईल हलली नाही. एरवीही हलत नाही, पण या वेळी निदान कारण होतं.)

बाबा म्हणजे माझे सासरे. वजनमाप खात्यात निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे बोलणं मोजकं आणि हसणं अजिबात नाही. फोटोचा तर भयंकर तिटकारा. पण आता ते निवृत्त होत होते, आणि लेकीने फारच हट्ट धरल्यावर म्हणाले होते, "निरोपाचं भाषण तेवढं घ्या. एकदाच. पुन्हा ते यंत्र माझ्यासमोर आणायचं नाही."

"आईचा आवाज कुठेच राहिला नाही हो," बायको मला म्हणाली. "ती हाक कशी मारायची, तेही आता नीट आठवत नाही. बाबांचं तसं व्हायला नको."

ते ऐकून मला इतकं भरून आलं की हिला जगातला सर्वात भारी कॅमेरा आणून द्यायचा असं मी ठरवून टाकलं. घोटाळ्याला सुरुवात इथे झाली.

"झूम किती?" मी दुकानात विचारलं.

"चाळीसपट, साहेब."

"बाबा समोरच उभे असणार आहेत," बायको म्हणाली.

"अंधारात चित्रण होतं का?"

"भाषण दुपारी आहे."

"आणि पाण्याखाली?"

बायको काउंटर सोडून शेजारी टेबलफॅन बघायला गेली. विक्रेत्याने तेवढ्यात माझं पाणी जोखलं. "हे मॉडेल बघा," तो हळूच म्हणाला. "यात स्माईल मोड आहे. हसरा चेहरा दिसला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू, हसू गेलं की बंद. जो हसतोय त्याच्यावरच झूम, त्याच्यावरच फोकस, बाकीचं सगळं धूसर. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागत नाही."

'काहीसुद्धा करावं लागत नाही' म्हटल्यावर मी विरघळलो. (सासरे हसत नाहीत, ही बाब माझ्या अभ्यासातून निसटली होती.)

घरी येऊन मी तो मोड सुरू केला. स्वतःच आरशासमोर हसून पाहिलं, लाल दिवा लागला, फार बरं वाटलं. मग मोड बंद करायला मेनूत शिरलो आणि काहीतरी दाबलं गेलं. मेनूची भाषाच बदलली. नवी अक्षरं ओळीने मांडलेल्या मोडक्या स्टुलांसारखी दिसत होती. दोन स्टुलं दाबली तर घड्याळ उलटं चालू लागलं, तेव्हा मी हात मागे घेतला आणि मोड तसाच चालू राहिला.

"सगळं जमलं ना?" बायकोने विचारलं.

"एकदम!" मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला सगळ्यांच्या चहापाण्याकडे बघायचं होतं, म्हणून कॅमेऱ्याची जबाबदारी एकट्या माझ्यावर आली. मी स्टँड लावला. बाबा व्यासपीठावर येऊन उभे राहिले. दिवा लागेना. मी त्यांना लांबून हसून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे सदोष तराजूकडे बघावं तसं बघितलं.

मी खात्याच्या शिपायाला गाठून त्यांच्या बाजूला उभं केलं. "फक्त हसत राहा," मी म्हणालो.

"कशाला?"

"कॅमेऱ्यासाठी."

बिचारा हसला, दिवाही लागला, पण बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं मात्र, त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. "मी माझी बदली ओढवून घेणार नाही," असं पुटपुटत तो निघून गेला.

तेवढ्यात मला भिंतीवर पावडरच्या कंपनीचं कॅलेंडर दिसलं. त्यावर एक गुबगुबीत बाळ तोंडभर हसत होतं. थकणार नाही, घाबरणार नाही, बदली तर होणारच नाही! मी ते काढून बाबांच्या खांद्यामागच्या खिळ्याला अडकवलं. लाल दिवा लागला आणि भाषण संपेपर्यंत लागून राहिला. बॅटरी वाचावी म्हणून मी स्क्रीन विझवून ठेवला होता. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की टाळ्या पडल्या तेव्हा मीच वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी घरी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. मी वायर जोडली. पडदाभर ते बाळ आलं. चाळीसपट. त्याच्या कानाशेजारी करड्या रंगाचा एक धूसर डाग हलत होता, आणि बाबांच्या खर्जातल्या आवाजात बाळ म्हणत होतं, "बंधूंनो, माझ्या सबंध नोकरीत मी एकाही खोट्या मापाची गय केली नाही."

"बाबा कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

"तो डाग..." मी म्हणालो. "पण आवाज कसा स्वच्छ आलाय बघ!"

बाळ बिनदाताचं तोंड पसरून पुढे म्हणालं, "माझे गुडघे आता साथ देत नाहीत." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं नव्हतं. एकदाच मिळालेली संधी मी पावडरवाल्या बाळाला देऊन टाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नव्हती. मी उठलो, वायर उपटली आणि कॅमेरा बंद न करता तसाच टीव्हीपुढे, त्या दोघांकडे तोंड करून ठेवला.

आणि मग बाबांच्या पोटातून कसलातरी आवाज आला. मला वाटलं, त्यांना ठसका लागला. तेवढ्यात ते फुटले. हात आपटत, डोळे पुसत, खोकत हसायला लागले. "बाळ म्हणतंय गुडघे साथ देत नाहीत!" ते कसंबसं म्हणाले. मग लेकीचं लाडकं नाव घेऊन हाक मारली, "अगं छकुले, आणि ह्यांना मी माझी मुलगी दिली!"

बायको रडता रडता हसायला लागली. कॅमेऱ्याचा लाल दिवा केव्हाच लागला होता.

ती फिल्म बायकोने चार ठिकाणी जपून ठेवली आहे. बाबांचा चेहरा आहे, आवाज आहे, हाकसुद्धा आहे. घरी कुणीही आलं की ती लावते. "आणि हे कोण?" पाहुणे कोपऱ्यात वायर धरून उभ्या असलेल्या आकृतीकडे बोट दाखवून विचारतात. तो मी. तेवढाच धूसर आलोय. त्या खोलीत न हसणारा मी एकटाच होतो.