हिलालचं जपानी ‘येतो’

“जास म्हनानं नही रे, येस म्हनानं!”

हिलालच्या आईचा, धुरपदाबाईचा, आवाज. उंबऱ्यावर ‘जातो’ म्हटलं की पाठीत धपाटा! आई गेली, खान्देश सुटला, दूर डिंडोलीत कापडाच्या लूमवर तीस वर्षं सरली. धपाटा मात्र पाठीतच मुक्कामी होता.

आता खोलीत तो एकटा. लेक रुपाली जपानच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. दोन वर्षांपूर्वी निघताना ती म्हणाली, “येते, पप्पा.” हा रुसून पंख्याचा रेग्युलेटर पिळत उभा! ‘ये’ म्हणालाच नाही. तेव्हापासून ते ‘ये’ बोराच्या बीसारखं घशात अडकलेलं.

“महिनाभरात रुपालीच्या आश्रमाच्या मोठ्या बाईंशी जपानीत बोलतो की नाही बघा!” त्याने शेजारच्या सरलाबाईंना बजावलं. मोबाइलवर धडे सुरू झाले. इकिमास म्हणजे जाणं, किमास म्हणजे येणं. इकिमास त्याने वहीतून खोडूनच टाकलं. अभद्र शब्द! लूमचा धोटासुद्धा जातो तो परत यायलाच!

रविवारी व्हिडिओ कॉलवर मोठ्या बाई आल्या. हिलाल कमरेत वाकला, आणि निरोप घेताना ऐटीत म्हणाला, “किमास!”

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी बरंच काही विचारलं. हा नंदीबैलासारखा मान हलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी आश्रमातून फोटो धडकले. पाहुण्यासाठी गादी! नव्या सपाता! एक्याण्णव वर्षांच्या आजींनी घड्या घालून केलेले कागदी बगळे, चक्क चाळीस! तेवढ्यात सरलाबाई नागलीच्या पापडांचा डबा घेऊन दारात. “जपानले चालनात ना भाऊ, आनि सांगं बी नही! रुपालीचा फोन आला म्हणून कळलं.”

मागोमाग रुपालीचा फोन त्यालाही आला. “पप्पा! काय बोललात? सगळा आश्रम वाट बघतोय!”

“मी फक्त निरोप घेतला. येतो म्हटलं.”

“इथे येतो म्हणणारा खरंच येतो, पप्पा! नुसता निरोप घेताना येतो म्हणत नाहीत.”

“आणि तुझ्या आजीचा धपाटा कोण खाणार?”

रुपाली खो खो हसली. मग हळूच म्हणाली, “त्या बगळेवाल्या आजींना काय सांगू? रोज विचारतात, तुझे वडील कधी येणार?”

हिलालने पंख्याकडे पाहिलं. रेग्युलेटर केव्हाच तुटला होता. पिळायला हाताशी काहीच नव्हतं.

“सांग, बापाला नाही जमत,” तो म्हणाला. घसा खाकरला. “तूच ये, माय. पापड सादळायच्या आत ये.”