सासूबाईंना गोळी चालत नाही!

माझ्यासमोर अफवा टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी पेशाने वार्ताहर, राहणार वरोरा. बाजार समितीच्या आवारात गोदाम जळालं म्हणून अख्खा गाव पळत सुटतो, तेव्हा मी जाऊन बघतो, तर गाडीवानाची बिडी आणि कापसाचं अर्धं पोतं! दोन माणसांनी वेगवेगळं सांगितल्याशिवाय मी सूर्य उगवल्याचीही बातमी देत नाही. सासरच्या दवाखान्याच्या भानगडीत मी पडलो, तो याच आत्मविश्वासाने.

सासर माझं सावली या गावाजवळचं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला मामीजी. मामाजी, म्हणजे गुणवंतराव, तलावात जाळं टाकतात. मामीजी, म्हणजे गुणाबाई, सावलीच्या आठवडी बाजारात मासोळ्या विकतात. विकायच्या, असं म्हणायला हवं. कारण त्यांच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली. खाली बसलं की उठता येईना, उठलं की बसता येईना. मधल्या अवस्थेत मासोळ्या विकता येत नाहीत.

बाजारात चिंचेखाली मामीजींची ठरलेली जागा होती. ती शेजारच्या कुंताबाईने धरली. एकदम नाही हो! आधी कुंताबाईची टोपली सरकली, मग बसायचं पोतं सरकलं, मग कुंताबाई. मामीजींना गुडघ्यापेक्षा हेच जास्त ठणकत होतं.

"जवाई," त्या मला म्हणाल्या, "ऑपरेशन करा, नाई त पाय कापा. पन त्या कुंतीले मले तिथून उठवाचं हाय!"

मी कामाला लागलो. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरलं. तारीख मिळाली. मामीजींना हिरवा झगा चढला. आणि तेवढ्यात डॉक्टर पुनम आल्या. औषधांच्या रिअॅक्शनचं त्या दवाखान्यात त्याच बघत. आवाज इतका शांत, की माणसाला आपला आजार उगाच मोठ्याने बोलल्यासारखा वाटावा.

"आई, कुठलं औषध चालत नाही, असं कधी झालंय का?"

मामीजींनी तोंड उघडलं. मी त्याआधीच बोललो.

"दुखण्याची गोळी! मुळीच चालत नाही! पुरावा आहे!"

आणि मी पुरावा मांडला. धानाच्या रोवणीच्या वेळी गुडघा दुखला, गोळी घेतली, पायावर टरारून फोड आले. दिवाळीत पुन्हा गोळी, पुन्हा फोड. मार्कंड्याच्या जत्रेहून चालून आल्या, दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली, तरी फोड! कारण आणि परिणाम, अगदी हातात हात घालून! माझ्या संपादकांनी हे ऐकलं असतं, तर पहिल्या पानावर घेतलं असतं.

डॉक्टर पुनम यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मामीजींच्या झग्याची नाडी सोडायला सिस्टरला सांगितलं.

"मग ऑपरेशन आज नाही. नंतर दुखेल, तेव्हा द्यायचं काय? आधी कुठली गोळी चालते ते तपासावं लागेल."

बाहेर आल्यावर माझी बायको भाग्यश्री एवढंच म्हणाली, "बाजूच्या खाटेवरच्या बुवाचं ऑपरेशन राह्यलं ना. त्याचंही थांबवून या!"

तपासणी अशी होती. दवाखान्यातच बसवायचं. आधी गोळीचा इवलासा तुकडा द्यायचा आणि वाट बघायची. काही झालं नाही, तर जरा मोठा तुकडा. पुन्हा वाट. असं करत पूर्ण गोळीपर्यंत जायचं. हाताला सलाइनची सुई आधीच लावलेली, इंजेक्शन तयार, डॉक्टर शेजारी. गंमत म्हणजे यातल्या काही गोळ्या पोकळ असतात, औषध नसलेल्या. आणि कुठली खरी, कुठली पोकळ, हे पेशंटला सांगत नाहीत.

"घरी मात्र हे कुणी करून बघायचं नाही," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. का, कोण जाणे!

मी तर खूश झालो. माझ्या बातमीला आता दवाखान्याचा दुजोरा मिळणार होता!

तपासणीचा दिवस नेमका सावलीच्या बाजाराचा निघाला. मामीजी सकाळपासून धुसफुसत होत्या. "आज मरळ आली असन. अन् ती कुंती माझ्या जागी बसून विकून राह्यली असन!" भाग्यश्री खाटेच्या पायथ्याशी होती. मामाजी कापडी पिशवी काखेत मारून कोपऱ्यात बसले होते. मामाजी एरवी बोलके. पण माझ्यासमोर, जावई म्हणून, त्यांची मान खाली. दवाखान्यात तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरइतके गप्प असतात.

सिस्टरने विचारलं, "आई, अंगावर कुठं पुरळ, खाज, लाली?"

"काही नाही!" मी सांगितलं. "मी स्वतः विचारलंय सकाळी."

मामीजींनी मामाजींकडे बघितलं. मामाजींनी छताकडे.

पहिला तुकडा पोटात गेला. मी खुर्ची ओढून समोर बसलो. तलावाकाठी बगळा बसतो ना, तसा.

"मामीजी, खाज येते?"

"नाई."

"घसा आवळतो?"

"नाई जी."

"छातीत धडधड? डोळ्यापुढं अंधार? जीव घाबरा?"

"मघापासून घाबरा होऊन राह्यला," मामीजी म्हणाल्या, "तुमी असे पाहून राह्यले म्हनून!"

दुसरा तुकडा गेला. मी पुन्हा विचारलं. तिसरा गेला, आणि मी विचारायच्या आतच मामीजींचा हात साडीवरून गुडघ्याकडे सरकला. आधी हळूच. मग जोरात. मग त्या दोन्ही हातांनी असं खाजवू लागल्या, जसं तव्याला चिकटलेली भाकर काढत आहेत!

"खाज येते?" मी ओरडलो.

"येते ना बाप्पा! तुमी विचारून विचारून आनलीच शेवटी!"

मी साडी जरा वर करायला लावली. फोड! गुडघ्याभोवती लालभडक सूज आणि तिच्यावर टपोरे, पाण्याने भरलेले फोड!

"रिअॅक्शन!" मी किंचाळलो. खरं सांगतो, त्या किंचाळण्यात काळजी होती. पण थोडा विजयही होता.

सिस्टर धावली. डॉक्टर पुनम धावल्या. शेजारच्या वॉर्डातले नातेवाईक दारात जमले. "काय झालं जी?" "गोळी लागली म्हनते." "कोनाले?" "सावलीच्या बाईले." "पोलीस आले का?" आणि मी? हातात बातमी असताना वार्ताहराला राहवत नाही. मी खुर्चीवरून उठून दाराशी गेलो, घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून मोकळा झालो : 'मामीजींना गोळीची रिअॅक्शन. डॉक्टर धावले. सविस्तर लवकरच.'

तिकडे डॉक्टर पुनम मामीजींचा घसा बघत होत्या, नाडी बघत होत्या, छातीला नळी लावत होत्या. सगळं ठणठणीत. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि गुडघा बघितला. पुष्कळ वेळ बघितला. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"आतापर्यंत दिलेले तिन्ही तुकडे पोकळ गोळीचे होते. औषध अजून दिलेलंच नाही."

मी पुन्हा गुडघ्याकडे वाकून बघितलं.

"पण... फोड?" मी म्हणालो.

"तेच विचारते आहे. गोळीची रिअॅक्शन अशी गोल रांगोळी काढून येत नाही." त्यांनी बोट दाखवलं. गुडघ्याभोवती ओळीने फोड होते आणि प्रत्येकाच्या मधोमध एकेक काळा ठिपका. "मामा, बिब्बा कुणी लावला?"

मामाजी छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मामा?"

"परवा लावला," मामाजी छतालाच म्हणाले. "दवाखान्यात दिवसभर बसाचं होतं ना. म्हटलं, गुडघा धरन. सुईले टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, अन् टेकवला चार-सहा ठिकानी. माझा आजा लावे, बाप लावे. अख्खं गाव येते माझ्याकडं!"

"आणि रोवणीच्या वेळी?"

"लावला."

"दिवाळीला?"

"गुडघा दुखला का लावतोच ना बाई. गोळी तिनं घेतली, बिब्बा मी लावला."

"मार्कंड्याहून आल्यावर?"

"तवा त दोन दिवस लावला!"

म्हणजे जेव्हा गोळी, तेव्हा बिब्बा! कारण आणि परिणाम हातात हात घालून चालले होते खरे. पण तिसराच कुणीतरी मागून येत होता आणि मी त्याला पाहिलंच नव्हतं!

"मामाजी!" मी म्हणालो. "मी इतक्यांदा विचारलं. हे सांगितलं का नाही?"

मामीजीच उसळल्या.

"कसे सांगतीन? तुमी लग्नानंतर पयल्यांदा घरी आले, तवाच भाषन देल्लं, बिब्बा लावनारे अडानी! मंग पेपरात छापलं. यायनं ते वाचलं अन् त्या दिवशीपासून जवाई आला का बिब्बे भुसाच्या कोठीत लपवते! मले म्हनते, जवायासमोर खाजवू नको!"

"पण फोड आले तेव्हा तुम्हाला नाही वाटलं, की बिब्बा उतला असेल, त्याच्या तेलाने कातडी भाजली असेल?"

"वाटलं होतं ना," मामाजी पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाले. "पन तुमी म्हनाले, गोळीनं झालं, पुरावा हाय. आमी म्हटलं, शिकला-सवरला मानूस हाय, पेपरात लिवते. त्याचं कसं चुकन?"

डॉक्टर पुनम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, आणि पलीकडचं रडणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. कुंताबाई!

"भाग्यश्री वो! माय गेली म्हनते वो गोळी खाऊन! सारा बाजार बोलून राह्यला! मागच्या बाजारी त बोलली माझ्यासंग. भांडली, पन चांगली भांडली वो! मी तिची जागा झाडून मोकळी केली. तिथं कोनाले बसू देत नाई मी आता!"

मामीजींनी सलाइन लावलेल्या हाताने फोन हिसकावला.

"कुंते! मेली नाई मी!"

पलीकडचं रडणं थांबलं.

"जित्ती हायेस?"

"हाओ!"

"बरं झालं वो माय," कुंताबाईने नाक ओढलं. "मंग बसतो मी पुन्हा."

आणि फोन बंद!

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या दोन ओळी चंद्रपूरहून सावलीला पोचेपर्यंत मामीजी स्वर्गात पोचल्या होत्या. माझ्यासमोर अफवा टिकत नाही, हे मी सुरुवातीला म्हणालो होतो, ते जरा बाजूला ठेवा.

डॉक्टरांनी फोडांवर मलम दिलं. कातडी पूर्ण बरी झाल्यावर तपासणी पुन्हा, असं ठरलं. "आणि मामा, बिब्बा बंद."

दोन दिवसांनी फोड दाखवायला आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर म्हणाल्या, "बसा ना."

"उभाच बरा आहे," मी म्हणालो.

"का?"

आता कसं सांगावं? आदल्या दिवसापासून बसायच्या जागी अशी आग होत होती, की मोटारसायकलवर मी फूटरेस्टवर उभा राहून वरोऱ्याहून आलो होतो. मी डॉक्टरांच्या जवळ जाऊन कुजबुजलो, "पुरळ आलंय. फोडही आहेत. त्या दिवशीच्या गोंधळात डोकं दुखलं, म्हणून मी एक गोळी घेतली होती..."

डॉक्टर पुनम यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी मामीजी बोलल्या, खणखणीत, साऱ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"यायले गोळी चालत नाई! पुरावा हाय!"

मी मामाजींकडे बघितलं. मामाजी छताकडे बघत होते.

"मामाजी..." मी म्हणालो. "त्या दिवशीची ती कापडी पिशवी. तिच्यात काय होतं?"

"उरलेले बिब्बे, तेल सुटलेले," मामाजी छताला म्हणाले. "डॉक्टरीन बाई धावत आली त मी घाबरलो. तुमी ग्रुपवर लिवाले उठले होते, तवा ठेवली तुमच्या खुर्चीवर. मंग तुमी येऊन बसले. मी बोलनार होतो. पन जवायाले 'उठा' कसं म्हनाचं?"

असो. पुढचं सरळ आहे. मामीजींचा पाय बरा झाला, तपासणी पुन्हा झाली. या वेळी मला बाहेर बसवलं होतं. मामीजींनी खऱ्या गोळीचे तुकडे, मग अख्खी गोळी पचवली, आणि वर विचारलं, "चहा हाय का?" ऑपरेशन झालं. व्यायाम झाले. आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एका बाजाराच्या दिवशी मामीजी चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. कुंताबाईने वर बघितलं, टोपली उचलली, पोतं उचललं, आणि सरकताना म्हणाली, "ये वो बाई. तू नव्हतीस त भांडाले कोनी नव्हतं."

मामीजी खाली बसल्या. पहिलंच गिऱ्हाईक, एक म्हातारी, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत वाकली. मामीजींनी तिला मरळ दिली आणि बिनपैशाचा सल्लाही.

"दवाखान्यात जा. बिब्बा नोको लावू. डॉक्टरले सारं खरं सांग." मग जरा आवाज उतरवून, "अन् जवायाले संग नेऊ नोको!"

मी मागेच उभा होतो, मासोळ्यांची दुसरी टोपली धरून. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. खंडन करणार होतो. पण शेजारून कुंताबाई म्हणाली, "खरंच हाय ते." दोन माणसांनी सांगितलं म्हटल्यावर माझा नाइलाज होता.