रग्बीचं चूलबंद आवतन

रग्बीचा बॉल मडिवाळप्पांच्या दिवाणावर लोडाशेजारी पडलेला असे आणि दर गुरुवारी मडिवाळप्पा त्यात सायकलच्या पंपाने हवा भरत. हवा कमी झालेली असो वा नसो. पुढच्या गुरुवारपर्यंत करायला दुसरं काम नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण. क्लब मुळात त्यांचा नव्हताच. मुलगा रविकिरण कॉलेजात असताना कुठूनसा रग्बी शिकून आला, औशात त्याने क्लब काढला आणि पुण्याला नोकरी लागताच बॉल, चौदा जर्सी आणि बाप एवढं सामान घरी ठेवून तो निघून गेला.

त्याच वर्षी मडिवाळप्पांची बायको गेली. भुसाराचं दुकान पुतण्याने सांभाळायला घेतलं. राहिला तो बॉल. संध्याकाळी पाचला कोणीतरी दारात येऊन म्हणे, "काका, बॉल." सातला परत देताना म्हणे, "काका, बॉल." चांगली नोकरीधंद्याची, बायकापोरं असलेली माणसं ही, पण बोलणं एवढंच. दिवसभरात मडिवाळप्पांशी कोणी काही बोललं तर ते हेच. तरी पावणेपाचपासून ते दाराची कडी काढून बसत.

यंदाचा हंगाम तर विचारूच नका. लातूरला हरले, हिमायतनगरला हरले. बिलोलीला तर असे हरले, की जिंकणाऱ्यांनाच दया आली आणि ते बसपर्यंत सोडायला आले. आता एकच सामना उरला होता, बिलोलीशीच, पण घरच्या मैदानावर. त्याच्या आठ दिवस आधी कप्तान बसवंत बॉल परत द्यायला आला आणि चक्क आत येऊन बसला. बसवंतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो कधी बसत नसे, त्यामुळे मडिवाळप्पांना आधी आनंदच झाला.

"काका, रविवारची मॅच झाली की क्लब बंद करून राहिलो."

"कामून रे? हारलो म्हणून?"

"हारण्याचं काय न्हाई. बघायलाच कोणी येत न्हाई. दात पाडून घ्यायचे तर ते बघणारं कोणीतरी पाहिजे की."

"मी येतो की."

"तुम्ही सोडून म्हणतो मी." बसवंतने बॉल दिवाणावर ठेवला. "पोरं म्हणाली, रविवारी मैदानावर पन्नास माणूस दिसलं तर पुढच्या वर्षी खेळू. न्हाईतर बॉल तुमच्याकडंच राहू द्या."

बॉल राहील, पण तो मागायला कोणी येणार नाही, एवढं मडिवाळप्पांना लगेच कळलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एकट्या माणसाच्या दारात पाचला आणि सातला हाक येणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात चार माणसं आहेत त्याला सांगून कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते महांतेश स्वामींकडे गेले. समाजातल्या सव्वाशे लिंगायत घरांना लग्नाचं, बारशाचं, वास्तुशांतीचं आवतन द्यायचं काम तीस वर्षं स्वामींकडे होतं. तुम्ही पत्रिका छापा, मोबाइलवर फोटो पाठवा, लोक "बघू" म्हणतात. स्वामी उंबऱ्यात येऊन सांगून गेले की मात्र माणूस तापाने फणफणला असला तरी येतो.

"शरणार्थ, स्वामी. रविवारचं आवतन द्यायचं होतं. सकाळी दहा वाजता, शाळेचं मैदान."

"काय कार्य काढलं?"

"खेळ हाय. रग्बी."

स्वामींनी मान हलवली. कार्य कसलं यात त्यांना फारसा रस नसे. त्यांचा प्रश्न एकच असे. "घरटी एक, का चूलबंद?"

"चूलबंदच सांगा. घरात एक माणूस मागं राहता कामा न्हाई."

"इचार करून सांगा, मडिवाळप्पा."

"केला इचार."

इथे जाणत्या वाचकाने कपाळाला हात लावला असेल. ज्यांनी लावला नाही त्यांना सांगतो. घरटी एक म्हणजे घरातला एक जण कार्याला जातो. चूलबंद म्हणजे अख्खं घर जातं, लेकराबाळांसकट, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. सगळ्यांचं पोट आवतन देणाऱ्याच्या जिवावर. औशातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण मडिवाळप्पा सहा वर्षं एकटे होते. घरटी एक आलं तरी तेच जात, चूलबंद आलं तरी तेच जात. त्यांच्या घरापुरता दोन्हींत काही फरक उरला नव्हता, आणि कधी लागलाच नाही म्हणून तो त्यांच्या डोक्यातूनही गेला.

तीन दिवसांत स्वामींनी सव्वाशे उंबरे पालथे घातले. कार्य कसलं, असं कोणी विचारलंच तर ते "काहीतरी खेळ हाय म्हणे" असं सांगत, आणि लोक समजायचं ते समजत. मडिवाळप्पांकडे चूलबंद म्हणजे रविकिरणचं ठरलं, दुसरं काय असणार? खुद्द यजमानाला असं विचारणं वाईट दिसतं, म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही. रस्त्यात भेटेल तो "येतो की, येतो" म्हणून हसू लागला. गावाला रग्बीची एवढी ओढ असेल असं मडिवाळप्पांना वाटलं नव्हतं. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला.

शुक्रवारी पुण्याहून फोन आला.

"अप्पा, तुम्ही माझं लग्न ठरवलंय का?"

"न्हाई रे. रविवारी मॅच हाय. बिलोलीसंगं."

"मग मामा उदगीरहून अंगठी घेऊन कशाला निघालेत?"

"येऊ दे की. बघतील मॅच. तू जेवलास का?"

"अप्पा, मीटिंगमध्ये आहे मी," म्हणून रविकिरणने फोन ठेवला. दोन महिन्यांनी आलेला फोन, अर्ध्या मिनिटात संपला. मडिवाळप्पांनी तो बराच वेळ हातातच धरून ठेवला.

रविवारी सकाळी बसवंत आणि मंडळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होती, तेवढ्यात फाटकातून पहिली रिक्षा आली. मग दुसरी. मग चालत येणाऱ्यांची रीघच लागली. इरकली नेसलेल्या बायका, कडक इस्त्रीचे सदरे, हातात टॉवेल-टोपीचे पुडे. पन्नास झाले, शंभर झाले, दोनशेनंतर बसवंतने मोजणं सोडलं.

"काका, हे सगळे आपल्याला बघायला?"

"मंग? चूलबंद सांगितलं मी."

बसवंतचं हसू जागच्या जागी थिजलं. "चूलबंद? मग जेवण कुठाय, काका?"

"जेवण?" मडिवाळप्पा म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना सगळं आठवलं. मैदानावर खाण्यापिण्याची एकच वस्तू होती. ती म्हणजे खेळाडूंसाठी आणलेला लिंबूपाण्याचा जार.

इकडे लोकांनी मैदानावरच्या चुन्याच्या सरळ रेघा बघितल्या आणि काय नामी सोय केली म्हणून त्या रेघांवर रांगेने मांडी घालून बसले. नांदेडहून आलेले पंच व्यंकटी सर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले.

"ह्यांना मैदानाबाहेर काढा."

"पंगत हाय सर ती," बसवंत म्हणाला. "वाढल्याशिवाय उठत नसते. जरा मागं सरकवून बघतो."

पंगत हातभर मागे सरकली आणि खेळ सुरू झाला. सात-सात जणांचा सामना हा, चौदा मिनिटांत आटोपतो. आयुष्यात पहिल्यांदाच मडिवाळप्पांना तो चौदा तास चालावा असं वाटत होतं. दोन्हीकडचे तीन-तीन गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटू लागले, तेव्हा चार म्हातारे भांडण सोडवायला उठले. त्यांना समजावून बसवण्यात दोन मिनिटं गेली. मडिवाळप्पांना तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या डावात बसवंत बॉल छातीशी धरून कडेच्या रेघेने पळत सुटला. वाढपी आला असं समजून एका आजोबांनी "हिकडं वाढा" म्हणत हात लांब केला. मागून झेपावलेला बिलोलीचा गडी त्या हाताला अडखळून पडला आणि बसवंतने शेवटच्या रेघेपलीकडे बॉल टेकवला. औशाच्या संघाचे हंगामातले ते पहिले गुण. टाळी कोणी वाजवली नाही, कारण पत्रावळ्या अजून आल्या नव्हत्या. एकट्या मडिवाळप्पांनी वाजवली. आपल्या टाळीचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला, तेव्हा ते थांबले.

सामना छत्तीस-पाच असा हरून संपला. लोक हात धुऊन बसले होते. मग पंगतीतून दानम्मा उठली. समाजाचा स्वयंपाक किती धान्याचा करायचा, हे तिला विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे.

"मडिवाळप्पा, भट्टी कुठं लावली?"

"लावली न्हाई, अक्का."

"मंग जेवण कुठून येणार हाय?"

"येणार न्हाई." मडिवाळप्पांनी खाली बघितलं. "मी इसरलो, अक्का. चूलबंदात सगळ्यांचं जेवण असतं, हे इसरलो. मला आवतन आलं की मी एकटाच जातो. कुठलंबी आलं तरी."

दानम्मा वळली आणि बातमी पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचली. चारशे माणसांची पंगत उपाशी उठलेली औशाने त्याआधी पाहिली नव्हती. दहा मिनिटांत मैदान रिकामं झालं. मामा अंगठी घेऊन परस्पर उदगीरला गेले. बसवंत बॉल घेऊन जवळ आला.

"काका, पन्नासच्या वर माणूस आलं, खरं हाय. पण चूल आमच्याबी घरची बंद होती, आम्हालाच कोणी सांगितलं न्हाई. आई म्हणली, पुन्हा ह्या बॉलला हात लावलास तर घरात यायचं न्हाई. सगळ्यांच्या घरी तेच चालू हाय." त्याने बॉल त्यांच्या हातात दिला आणि तो निघून गेला.

सोमवारी पावणेपाचला मडिवाळप्पांनी सवयीने कडी काढली. पाच वाजले. कोणी आलं नाही. आता हे असंच, म्हणून ते कडी लावायला उठले तर दारात महांतेश स्वामी उभे.

"तीस वर्षांत माझं एक आवतन खोटं ठरलं न्हाई, मडिवाळप्पा." स्वामी दिवाणावर बसले आणि तासभर बोलले. मडिवाळप्पांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, मध्ये एकदा चहा दिला. मंगळवारी दोघं आले, वेगवेगळे. बुधवारी एक नवरा-बायको आले. ती रागावली की तो पाणी प्यायचा आणि तो रागावला की ती. रविकिरणचा फोन आला आणि तो सलग चाळीस मिनिटं ओरडला. एवढं त्याने वर्षभरात बोललेलं नव्हतं. मडिवाळप्पांनी साखर जास्तीची आणून ठेवली, दोन कप नवे घेतले. कोणी थोडक्यात आवरतंय असं वाटलं तर ते स्वतःच आठवण करून देत, "आणि तुमच्या सासूबाईंना शुगर हाय, त्या उपाशी राहिल्या." मग समोरचा नव्याने सुरू होई.

पण राग तरी किती दिवस पुरणार? सव्वाशे घरं महिन्याभरात संपत आली. दोन दिवस कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला दानम्मा आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मी काय बोलायला आले न्हाई," ती म्हणाली. "झालं गेलं. आता कोणाच्या मनात काय राहिलं न्हाई, एवढंच सांगायला आले."

मडिवाळप्पांचा चेहरा पडला. "कोणाच्याच न्हाई?"

"कोणाच्याच न्हाई. येते मी."

"अक्का, असं कसं?" मडिवाळप्पा घाईने उठले. "तुम्ही तर मला अजून काहीच बोलला न्हाई. बसा की. चहा ठेवतो, मग बोला."

दानम्माने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग चपला काढून ती आत आली, दिवाणावरचा बॉल बाजूला सारून पदर खोचून बसली.

"साखर कमी टाका," ती म्हणाली. "आणि आता ऐका. पहिली गोष्ट, तुम्हाला अक्कल हाय का?"